तळ्याकडची चौथी पायरी

शनिवारी सकाळी अकराला जुने पाहुणे निघायचे आणि दुपारी चारला नवे यायचे. मधले पाच तास आमचे. कॅनडातल्या किचनरहून अडीच तास गाडी चालवत आम्ही दोघं तळ्याकाठच्या, आठवड्याने भाड्याने द्यायच्या आमच्या कॉटेजवर पोचायचो, तेव्हा दाराशी कचऱ्याच्या पिशव्या, कठड्यावर ओले टॉवेल आणि आत कुठली तरी नवी भानगड वाट पाहत असायची. कधी खिडकीची जाळी फाटलेली, कधी चमच्यांच्या खणात उंदराच्या लेंड्या. एकदा तर फ्रिजचं दारच काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि वर चिठ्ठी, ‘सॉरी, निघून आलं.’

कामाची वाटणी आमच्याकडे जरा उलटी होती. नवरा चादरी बदलायचा, भांडी मोजायचा, पाहुण्यांच्या मेसेजना उत्तरं द्यायचा. तो नागपूरचा, अनोळखी माणसाशीही पाच मिनिटांत घरच्यासारखं बोलतो. पाना, पक्कड, ड्रिल हे खातं माझं. चिंचवडला माझ्या वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि इकडे येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पडले. आठवडाभर स्क्रीनवर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शनिवारी काहीतरी खरंखुरं हातात धरायचं, हे मला फार आवडायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात सेप्टिक टाकी तुंबली. कुणीतरी बाळाचे ओले वाइप्स आठवडाभर फ्लश केले होते. मी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून झाकण उघडलं तेव्हा नवरा वीस फुटांवर नाक दाबून उभा होता. दुसऱ्या उन्हाळ्यात तळ्यातून पाणी ओढणाऱ्या पंपाने हवा धरली. घरात नऊ माणसं आणि नळाला थेंब नाही. मी कॉटेजखालच्या बुटक्या जागेत पोटावर सरपटत गेले, पंपात बादलीने पाणी भरलं, हवा काढली, आणि वरून पोरांचा आनंदाचा कल्ला ऐकू आला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवरा सगळ्यांना सांगायचा, “आमच्याकडे मिस्त्री घरातच आहे.” मी लाजल्यासारखं करायचे. खरं तर मला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं असायचं.

शेजारच्या कॉटेजमध्ये एक गोरे गृहस्थ बारा महिने एकटे राहायचे. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेले, सत्तरी ओलांडलेले. आम्ही आपसात त्यांना काका म्हणायचो. ते फारसं बोलत नसत. मी काही दुरुस्त करत असले की कुंपणापाशी येऊन उभे राहायचे, बघायचे आणि जायचे. एकदाच म्हणाले होते, “तुझे हात चांगले आहेत.” त्यांचं ते बोलणं मी आठवडाभर मनात घोळवलं होतं.

कॉटेजपासून तळ्यापर्यंत उतारावर अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना होता. दोन्ही बाजूंना तिरके जाड वासे, त्यांना आतून ठोकलेल्या छोट्या आडपट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर टेकलेल्या फळ्या. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फाने जमीन फुगली आणि जिना जरासा मुरडला. जूनमध्ये पाहिलं तर वरून चौथ्या पायरीची उजवीकडची आडपट्टी उभी चिरली होती. पायरीवर पाय दिला की फळी कुरकुरायची.

काम सोपं होतं. पट्टी नवी कापली, जुनी काढली. पण बाहेरच्या कामाचे जाड, लेप दिलेले हिरवे स्क्रू संपले होते. डब्यात एकही नाही. हार्डवेअरचं दुकान गावात, जाऊन-येऊन तासभर. घड्याळात सव्वातीन. आतून नवरा ओरडला, “झालं का? ते लोक लवकर येतायत, अर्ध्या तासात पोचतील!”

ड्रिलच्या पेटीत काळे बारीक स्क्रू होते, किचनरच्या घरी बेसमेंटच्या भिंतींना प्लास्टरचे पत्रे बसवताना उरलेले. ते घरातल्या भिंतीसाठी असतात. कडक असतात पण ठिसूळ, वजन पेलायचं काम त्यांचं नाही, आणि पाण्याने गंजतात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये कुठला स्क्रू कुठे हे मी बाराव्या वर्षी शिकले होते. मी चार काळे स्क्रू मारले, फळी बसवली, वर उभी राहून दोनदा उडी मारून पाहिली. हलली नाही.

“पायरी झाली?” नवऱ्याने विचारलं.

“झाली,” मी म्हणाले. मनात म्हटलं, पुढच्या शनिवारी येताना हिरवे स्क्रू आणू आणि बदलू.

पुढच्या शनिवारी गीझर बिघडला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही आलोच नाही, सफाईला बाई लावली होती. मग ती पायरी माझ्या डोक्यातून गेली. म्हणजे अगदी गेली असंही नाही. कधी खाली उतरताना पाय तिच्यावर पडला की आठवायचं, आणि पाचव्या पायरीवर विसरायला व्हायचं.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मार्कहॅमहून एक कुटुंब आलं. बुकिंग इंग्रजीत, मेसेज इंग्रजीत. गाडीतून उतरल्यावर मात्र एक म्हातारी बाई हातातलं पातेलं सावरत मुलीला म्हणाली, “अगं, झाकण धर, सांडेल सगळं!” आणि आम्ही दोघं हसलोच. वसईची माणसं. मुलगी टोरंटोकडे वीस वर्षं स्थायिक, आई चार महिन्यांसाठी आलेली, नोव्हेंबरात परत जाणार. सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस, पायात मुलीचे जुने स्पोर्ट्स शूज. आम्ही निघायच्या आत तिने मला पातेल्यातले चार फुगे कागदी टॉवेलमध्ये बांधून दिले. “सकाळीच तळलेत, बाय. गाडीत खा.” वसईकडच्या ख्रिस्ती घरांत सणाला करतात ते गोलमटोल, हलके गोड फुगे. आम्ही ते महामार्गाला लागायच्या आत संपवले.

सोमवारी सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. नवऱ्याचा फोन तीनदा आला तेव्हा बाहेर जाऊन घेतला.

“आजी पडल्या,” तो म्हणाला. “तळ्याच्या जिन्यावरून. पायरी तुटली. अॅम्ब्युलन्स नेतेय त्यांना.”

“कुठली पायरी?” मी विचारलं.

“काय?”

“कुठली पायरी तुटली?”

“मला काय माहीत कुठली! तू निघ, मी पार्किंगमध्ये येतोय.”

गाडीत तो सतत बोलत होता. बर्फाने लाकूड आतून कुजतं, वरून दिसत नाही, काकांचा बोट बांधायचा धक्काही मागे असाच गेला होता. मी खिडकीतून मक्याची शेतं बघत होते. कदाचित दुसरी पायरी असेल, सातवी किंवा नववी असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

हॉस्पिटलमध्ये मुलगी कॉरिडॉरमध्ये उभी होती, अंगात अजून रात्रीचे कपडे. आईच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. उजव्या अंगावर खडकांवर पडली, मनगटही गेलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं होतं.

“तुटली कशी पायरी?” तिने आम्हाला विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. “आम्ही सगळे दोन दिवस वरखाली करत होतो.”

नवरा म्हणाला, “ताई, हिवाळ्यात लाकूड आतून कुजतं. आम्ही दर वसंतात बघतो, तरी कधीकधी नाही कळत. आम्हाला खूप वाईट वाटतंय.” तो मनापासून बोलत होता. त्याला तेच खरं वाटत होतं. मी त्याच्या शेजारी उभी होते आणि मान हलवली. बोलले काहीच नाही, पण मान हलवली हे मला स्पष्ट आठवतं.

तिथून आम्ही कॉटेजवर गेलो. काकांनी जिन्याच्या तोंडाशी पिवळी दोरी बांधली होती. आजींचं ओरडणं ऐकून तेच सर्वांत आधी धावले होते, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत खडकांवर त्यांचं डोकं हातात धरून बसले होते. नवरा आत फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी बोलत होता. काकांनी मला हाताने बोलावलं. कठड्यावर त्यांनी एका बाटलीच्या झाकणात काहीतरी ठेवलं होतं. मोडलेले तीन काळे स्क्रू, गंजून तपकिरी झालेले.

“हे घरात वापरायचे,” ते म्हणाले.

“मला माहीत आहे.”

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. “तुला माहीत असणारच असं मला वाटलंच होतं,” ते म्हणाले आणि आपल्या घराकडे गेले. एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत, पण मी काही दुरुस्त करत असताना बघायला कुंपणापाशी पुन्हा आले नाहीत.

नवऱ्याला सांगायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत तो रोज त्या मुलीला फोन करायचा, आजींची चौकशी करायचा आणि दर वेळी कुठेतरी ते कुजलेलं लाकूड यायचंच. गुरुवारी संध्याकाळी तो भाजी चिरत होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. स्क्रू, सव्वातीन, पुढचा शनिवार. त्याने सुरी खाली ठेवली.

“तेव्हा का नाही सांगितलंस? मी गेलो असतो ना दुकानात.”

“ते लोक येत होते.”

“थांबले असते अर्धा तास बाहेर!” मग तो खुर्चीत बसला. “तीन दिवस मी त्या बाईला कुजलेलं लाकूड, कुजलेलं लाकूड सांगतोय. आणि तू बाजूला उभी राहून ऐकतेयस. मला खोटं पाडलंस तू.”

“मी सांगते त्यांना.”

“नाही सांगायचंस.” तो एकदम म्हणाला. “इन्शुरन्सचा माणूस काय म्हणाला? कारणाबद्दल आजींच्या घरच्यांशी काही बोलायचं नाही. कंपनीचा माणूस जिना बघेल, काय ते ठरवेल. त्यांच्या विचाराने चालायचं आता.”

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कुणीतरी मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मला तेच हवं होतं. इन्शुरन्सच्या माणसाला मी सगळं लिहून दिलं, फोटोसकट, स्क्रूसकट. पण ते कागदावर होतं. कागदाला तोंड नसतं.

रविवारी मी एकटी हॉस्पिटलला गेले. डब्यात तांदळाची पेज आणि थोडं लोणचं घेतलं होतं, कारण तिथलं जेवण आजींच्या घशाखाली उतरत नाही असं मुलगी नवऱ्याला म्हणाली होती. त्या पलंगावर अर्धवट बसलेल्या होत्या. चेहरा आठवड्यात लहान झाल्यासारखा दिसत होता. फिजिओथेरपीवाली नुकतीच येऊन गेली होती आणि दोन पावलं टाकून त्या घामाघूम झाल्या होत्या. मुलगी उशी सरळ करत होती.

“पेज आणलीस? बाय माझी,” त्या म्हणाल्या. मी चमच्याने भरवायला लागले. डावा हात चालत होता, पण त्यांनी भरवू दिलं. चार चमचे झाल्यावर म्हणाल्या, “माझंच चुकलं गं. एवढं अंग घेऊन कशाला उतरायचं मी? घरी विहिरीच्या पायऱ्या उतरते तशी गेले. वाटलं, पाण्यात पाय बुडवून दोन मिनिटं बसू.”

“किती वेळा सांगितलं होतं तुला, एकटी जाऊ नकोस म्हणून!” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, हे बोलणं त्यांच्यात आठवडाभर चाललं असणार. “मी उठेपर्यंत थांबता आलं नाही तुला? कधी ऐकतेस का कुणाचं? दादा तिकडून मलाच बोलतोय, आईकडे लक्ष नाही दिलंस म्हणून.”

“नाही ऐकलं बाबा. चुकलं माझं. आता काय करू?” आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगीही रडायला लागली आणि खिडकीकडे वळली.

माझ्या हातात चमचा होता. मी तो डब्यात ठेवला.

“आजी, तुमचं चुकलं नाही,” मी म्हणाले. “लाकूड कुजलं नव्हतं. ती पायरी मी बसवली होती. चुकीचे स्क्रू वापरले. चुकीचे आहेत हे मला तेव्हा माहीत होतं. बदलायचे होते, बदलले नाहीत.”

पलीकडच्या पडद्याआडच्या पेशंटचा टीव्ही चालू होता. मुलगी सावकाश वळली.

“माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुमचे मिस्टर रोज फोन करून...”

“त्यांना माहीत नव्हतं. मी गुरुवारी सांगितलं त्यांना.”

“आज रविवार आहे,” ती म्हणाली.

आजी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे, होतं असं. वयस्कर माणसं म्हणतात, आणि मी आत कुठेतरी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी डावा हात पांघरुणाखाली घेतला.

“दोन नातवंडं त्याच पायरीवर बसून शनिवारी आईस्क्रीम खात होती,” त्या म्हणाल्या. मग मान भिंतीकडे वळवली. “मला आता पडू दे.”

“तुम्ही जा,” मुलगी म्हणाली. मी डबा उचलायला गेले तर म्हणाली, “राहू दे तो. जा.”

पार्किंगमध्ये मी गाडीत बसून नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं की मी बोलले. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, “गाडी चालवता येईल का तुला, की मी येऊ?”

इन्शुरन्सचं जे व्हायचं ते पुढच्या काही महिन्यांत झालं. मी बोलले म्हणून कंपनीतल्या एका बाईने मला फोनवर चांगलंच झापलं, पण त्यांच्या माणसाच्या अहवालात तसंही सगळं होतं. आजींचा हॉस्पिटलचा आणि नंतरचा सगळा भार त्यांनी उचलला. नोव्हेंबरात आजी परत जाऊ शकल्या नाहीत. वसईला घरी नातीचं लग्न होतं, ते त्यांनी मार्कहॅमच्या बेसमेंटमध्ये, वॉकर बाजूला ठेवून, व्हिडिओ कॉलवर पाहिलं. हे मला मंडळातल्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं. तिला हा सगळा प्रकार माहीत नव्हता. ती सहज सांगत होती आणि मी हातात चहाचा कप घेऊन ऐकत होते.

त्या हिवाळ्यात मी घरातलं एकही काम हातात घेतलं नाही. वॉशरूमचा नळ गळायला लागला तर नवऱ्याने प्लंबर बोलावला. तो काम करत असताना मी वर खोलीत जाऊन बसले. नवऱ्याने मंडळात पुन्हा कधी घरातल्या मिस्त्रीचा विषय काढला नाही. आमचं भांडण झालं असं नाही. पण गाडीत तो पूर्वीसारखा बडबडत नसे, आणि मी काही सांगितलं की क्षणभर थांबून माझ्याकडे बघे. नक्की ना, असं तोंडाने विचारत नसे एवढंच.

कॉटेज आम्ही वसंतात विकायला काढलं. जिना एका सुताराकडून आख्खा नवा करून घेतला होता. बघायला आलेल्यांत एक तरुण जोडपं होतं, त्यातली बाई गरोदर. तिने जिन्याकडे पाहून म्हटलं, “किती छान नवा दिसतोय! जुन्याला काय झालं होतं?” एजंट पटकन म्हणाला, “जरा जुना झाला होता.” मी म्हणाले, “नाही, मी नीट दुरुस्त केला नव्हता. त्यावरून एक वयस्कर बाई पडून जायबंदी झाल्या.” एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला. जोडपं खाली उतरलंच नाही, विचार करून कळवतो म्हणालं. त्यांनी कळवलं नाही. परतताना नवरा म्हणाला, “प्रत्येकाला सांगणार आहेस का तू?”

“विचारलं तर सांगेन.”

“विचारलं तर ठीक आहे,” तो म्हणाला आणि पुढच्या एक्झिटला कॉफी घ्यायला गाडी वळवली.

जूनमध्ये कॉटेज दुसऱ्या एका कुटुंबाला गेलं. त्यांनी जिन्याबद्दल काही विचारलं नाही.

किल्ल्या दिल्यानंतर दोनेक आठवड्यांनी फोनवर एक मेसेज आला. नंबर सेव्ह होता, आजींच्या मुलीचा. मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला होता. ‘आई गेल्या महिन्यात वसईला पोचली. काठी घेऊन चर्चपर्यंत जाते, विहिरीकडे जात नाही. तिने सांगितलं म्हणून कळवतेय.’

मी उत्तर लिहायला घेतलं. खूप लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. प्रत्येक वेळी शेवटी क्षमेवर यायचं, आणि क्षमा मागायची म्हणजे तिच्याकडून पुन्हा काहीतरी मागणंच होतं. लंच ब्रेक संपला. शेवटी मी ‘कळवल्याबद्दल आभार. त्यांना माझा नमस्कार सांगा’ एवढंच पाठवलं. तिने ते वाचल्याची खूण दिसली. पुढे काही आलं नाही, आणि मी कामाला लागले.